पाय न टेकवता

सुगंधा,

माजरीच्या नाल्यात दगडांवरून मोटरसायकल चालवायची स्पर्धा आहे, तिथं चाललो. तूच म्हणालीस, "बुलेट पडली तं उचलाले गाव लागते!" म्हणून हलकी राजदूत निवडली. टायरची हवा कमी केली, आता दगड धरून चढते. सीट पलंगाखाली ठेवली आहे. तिथं उभ्यानंच चालवतात.

डॉक्टरनं डावा पाय महिनाभर टेकवू नका म्हटलं, ते ध्यानात आहे. या स्पर्धेतही पाय टेकला की गुण कापतात. डॉक्टर अन् पंच दोघांचं एकमत आहे. मागच्या साली सात वेळा टेकला. यंदा एकदाही नाई.

शेजारचा श्रीहरीभाऊ किक मारून देते.

कुबड्या दारामागं आहेत. रागानं चुलीत घालू नको. घरात चालाले लागतात.

भैयाजी