संचातली नववी डिस्क

२ नोव्हेंबर, रविवार

श्रीकांतने म्हाताऱ्याचा बॉक्स सेट घेतला. बाराच्या बारा सिनेमे एका खोक्यात, कुरिअरने घरपोच.

ही बातमी साडूसाहेबांनी आमच्याच सोफ्यावर, नी.ने केलेला चिवडा खात दिली. "मागवून टाकला, अनंतराव. एकेक कोण शोधत बसणार?" मी "अरे वा" म्हणालो. बऱ्यापैकी म्हणालो असणार, कारण तो खूश झाला.

एकेक शोधत बसणारा मी. पंधरा वर्षांत नऊ. कुठली दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात, कुठली पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा, एक तर बदलीवर निघालेल्या शेजाऱ्याच्या रद्दीत.

आज लावला होता घड्याळजीचा. खरं नाव परदेशी, घरात कुणालाच उच्चारता येत नाही; म्हणून दिग्दर्शक तो म्हातारा आणि हा घड्याळजीचा. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बाई आपलं घड्याळ मागायला दुकानात शिरते आणि डिस्क अडकते. सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "चला, चहाची जागा आली." मग नी. आधण ठेवते, तिची बहीण मेधा कप काढते, मी सिनेमा चार मिनिटं पुढे ढकलतो. मार्केटातली सिनेमांची लायब्ररी बंद झाली तेव्हा ओरखड्यासकट घेतलेली डिस्क. त्या चार मिनिटांत काय घडतं ते आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. गेल्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत एकदाच न अडकता गेली, पण तेव्हा सगळे सवयीने स्वयंपाकघरात. परत आलो तर दुकान बंद करून घड्याळजी घरी निघालेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात फाइल समोर, डोक्यात खोका.

मुद्दे काढले. सेट म्हणजे घाऊक माल. बारातले तीन कुणी सुटे विकत घेतले नसते, म्हणून तर सेटमध्ये कोंबतात. सुटी डिस्क निवडावी लागते, वाट पाहावी लागते, मिळाली की दोन दिवस जेवण गोड लागतं. खोका उघडायला काय, कात्री पुरते.

संध्याकाळी नी.ला हे ऐकवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "बरोबर आहे. पण त्याच्याकडे बारा आहेत."

९ नोव्हेंबर, रविवार

गुरुग्राम. आयएनएला मेट्रो बदलून, पुढे ऑटो, मग सोसायटीच्या गेटवर नाव-गाव-फ्लॅट नंबर.

पाहिला. काळा जाड खोका, कापडी पाठ. आत बारा कप्पे, प्रत्येक डिस्कवर काठाला बारीक आकडा छापलेला. सगळ्या कप्प्यांच्या कडा शेजारी लावल्या की मिळून एक चित्र होतं, घड्याळजीच्या दुकानाची गल्ली. शिवाय पुस्तिका. माझ्या नऊ डिस्कांच्या नऊ तऱ्हा. एकीच्या डब्यावर अजून लायब्ररीचा शिक्का आहे.

मला मत्सर वाटतो. लिहून टाकलं. श्री.च्या गाडीबद्दल कधी वाटला नाही, पगाराबद्दल नाही, अठराव्या मजल्यावरच्या बाल्कनीबद्दल नाही. ह्या खोक्याबद्दल वाटतो. माझ्यामुळे त्याला म्हातारा कळला. पहिला सिनेमा त्याने माझ्याकडे पाहिला, तोही अर्धा झोपून. आयत्या बिळावर नागोबा.

भिंतीएवढा पडदा, चारही बाजूंनी आवाज. ईशा माझीच मुलगी, पण म्हणते, "बाबा, यार, क्या साउंड है! आपल्याकडे तर सगळे डब्यात बोलतात." आई, म्हणजे सासूबाई, सध्या मेधाकडेच असतात, त्यांना मागे रेलणारी खुर्ची. तिथेच ठरलं, मेधानेच ठरवलं: "आता दर रविवारी इकडेच या. तुमची तेवढीच धावपळ कमी, भाऊजी."

दोन मेट्रो आणि एक ऑटो म्हणजे धावपळ कमी! सतरा वर्षं रविवारी तीनला आमच्या बाहेरच्या खोलीत जमतात माणसं. एका खोक्याने मोडलं.

सिनेमा कुठेही अडकला नाही. संपल्यावर ट्रेमधून चहा आला. सगळे फोन बघत प्यायले.

१६ नोव्हेंबर, रविवार

केलं.

सकाळी निघताना घड्याळजीची डिस्क डब्यातून काढून कागदी पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. म्हणजे सुचलं-आणि-घडलं असं नाही. विचार करून केलं.

जेवायला बसताना श्री. म्हणाला, "अनंतराव, तेवढी आजची डिस्क काढून ठेवता? तुमच्या हातात शोभतं ते." शोभलं. आजची काढून बाजूला ठेवली, मग नऊ नंबरचा, घड्याळजीचा कप्पा उघडला, त्याची घेतली, माझी ठेवली. चित्र तेच, अक्षरं तीच. फक्त माझ्या डिस्कच्या काठाला आकडा नाही. मग पानावर बसून अळूची भाजी दोनदा मागून घेतली.

मेट्रोत पूर्ण वेळ खिशावर हात. नी. म्हणाली, "छातीत दुखतंय का?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझी बाजू अशी. श्री. एक सिनेमा दोनदा बघत नाही. घड्याळजीचा त्याने आमच्याकडे चार वेळा बळेच पाहिलेला आहे, तो आता कशाला लावेल? सेट शोभेला आहे. शोभेत काही उणं झालेलं नाही. बारा कप्पे, बारा डिस्क.

ही बाजू ईशाने माझ्यासमोर मांडली असती तर दोन दिवस बोललो नसतो तिच्याशी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घसा धरला, बाहेर हवा धुरकट. सुट्टी टाकली. दुपारी नी.ला म्हणालो, घड्याळजीचा लावू या.

सत्तेचाळिसावं मिनिट. बाई दारात आली. नी. उठली, पडद्याकडे न बघता आत गेली, आधण ठेवल्याचा आवाज. आणि बाई आत आली.

बसते. घड्याळ तयार नाही. तो सांगत नाही, ती विचारत नाही. तो भिंग लावून मान खाली घालून बसतो आणि आपल्याला भिंगाखाली दिसतं की घड्याळ कधीचं दुरुस्त झालंय. तो नुसता उघडून परत बंद करतोय, तिने बसावं म्हणून. चार मिनिटं. पंधरा वर्षांत मी म्हाताऱ्यावर एवढं बोललो, आणि त्याचं हे मला माहीतच नव्हतं.

नी. दोन कप घेऊन आली आणि उभीच राहिली. "अडकली नाही?"

"नाही."

"थंडी तर अजून पडली नाही."

"ओरखडा घालवला. टूथपेस्ट लावून. असतो तसा उपाय, हलक्या हाताने घासायचं." कुठून आलं तोंडात कोण जाणे. पूर्वी लायब्ररीवाला सांगायचा.

नी.चा चेहरा असा उजळला की पुढचं काही सांगता येईना. "अरे, मग एवढी वर्षं का नाही केलंस?" माझं कौतुक तिने हल्ली कधी केलं होतं, आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुरुग्रामला गेलो नाही, घशाचं कारण. नी.ने फोनवर मेधाला टूथपेस्टचं सांगितलं. रंगवून. "ह्यांच्या हाताला गुण आहे." मी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन.

मेधाने ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं असणार. श्री.चा लगेच मेसेज: वा अनंतराव! मग पुढच्या रविवारी घड्याळजीचाच. आमच्या पडद्यावर बघू.

खाई त्याला खवखवे.

३० नोव्हेंबर, रविवार

आजारी पडायचा प्रयत्न केला. ताप येईना.

तीनला सुरू. आई रेलणाऱ्या खुर्चीत, नी. आणि मेधा एका शालीत, ईशा खाली गालिच्यावर. मी दाराजवळ. छत्तीस, चाळीस, पंचेचाळीस. एवढ्या मोठ्या पडद्यावर बाई दारात आली ती घरातल्या माणसाएवढी. एक पाय उंबऱ्यावर. आणि थिजली.

कुणी काही बोलायच्या आत आई खुर्चीतून उठल्याही. "चला, चहाची जागा आली."

ईशा हसत सुटली. मेधा कपाटाकडे वळली. दोघी-तिघी बोलायला लागल्या एकदम. आणि मग सगळ्यांना एकेक करून कळलं की आपण गुरुग्राममध्ये आहोत, आणि हा नवा सेट आहे.

"अरे! सेम जागा?" ईशा म्हणाली.

"प्रिंटच तसली असेल," श्री. म्हणाला. "मूळ रीळच खराब."

नी. माझ्याकडे बघत होती. मी रिमोट शोधत होतो, आणि तो माझ्या हातात होता.

परतताना आयएनएला मेट्रो बदलली, जागा मिळाली, तेव्हा नी. ईशाला ऐकू जाणार नाही इतपत हळू: "कुठली टूथपेस्ट वापरलीस?"

३ डिसेंबर, बुधवार

नी. बोलते. भाजी काय आणायची, गॅस कधी येणार. बाकी नाही.

आज जेवताना एवढंच: "तुला काय कमी होतं रे?"

म्हणालो, "लोक."

"लोक खोक्यामुळे गेले असं वाटतं तुला? आईला आपले दोन जिने चढवत नाहीत, वर्ष झालं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू मनाला लावून घेतलं असतंस."

वर्ष झालं. आणि त्या दर रविवारी चढत होत्या.

६ डिसेंबर, शनिवार

श्री. एकटाच आला. अकराच्या सुमारास, आगाऊ फोन न करता. हातात पुस्तिका, आणि स्वच्छ रुमालात गुंडाळलेली डिस्क. माझी.

"अनंतराव, तुमचा तो टूथपेस्टचा उपाय हिच्यावर करा. सेट परत पाठवायचं जिवावर येतं." मग डिस्क उजेडात तिरकी धरून, "आणि गंमत बघा, हिच्यावर नंबर छापायचाच राहिलाय. बाकी सगळ्यांवर आहे."

मी म्हणालो, असं होतं कधी कधी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर हॅलोजन लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर काही आहे का पाहिलं. काही दिसलं नाही. किंवा मला बघता आलं नाही.

नी.ने पोहे केले. तो पुस्तिका उघडून दाखवायला लागला. बारा सिनेमांची यादी, त्यातल्या नवांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात: अनंतरावांकडे. तिथी-वार नाही, एवढंच. अनंतरावांकडे, अनंतरावांकडे, नऊ वेळा. "हे तीन राहिले होते. तुम्हाला सुटे मिळेनात, म्हणून म्हटलं सेटच मागवू, म्हणजे तुमचे पण बघून होतील. पण तुम्ही आमच्याकडे येता आणि दाराजवळ बसता."

पोहे खाल्ले.

लाज वाटली, आणि ते लिहिताना हेही लिहितो की पुस्तिकेचा कागद इतका सुरेख आहे की त्याही क्षणी राग आलाच.

निघताना म्हणाला, "सोसायटीच्या दोनातली एक लिफ्ट दुरुस्तीला आहे तशीही. पुढच्या रविवारी तुमच्याकडेच लावू. आईंना खुर्चीत बसवून मी आणि ईशा उचलून आणतो वर. त्याच म्हणतायत, तिकडे मध्ये कुणी उठत नाही, करमत नाही."

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. डिस्कसुद्धा दोन.

१० डिसेंबर, बुधवार

सोपा मार्ग आहे. नऊ नंबरची त्याला द्यायची, म्हणायचं, घासली, बरी झाली. आकड्याचं काय? आधी नव्हता, आता आला! टूथपेस्टने आकडाही उगवतो म्हणू?

नी.ला विचारलं. "मला विचारू नकोस. तू विकत घ्यायला पंधरा वर्षं लावलीस, परत द्यायला किती लावतोस ते बघते आहे."

१४ डिसेंबर, रविवार

पावणेतीन. आई वर पोचल्या, खुर्चीतून, राणीसारख्या. जिन्यात सगळ्या शेजाऱ्यांना हात केला. आता आतल्या खोलीत टेकल्यात. श्री. खाली गाडी लावायला गेलाय, मेधा कप मोजते आहे.

नी.ला कबूल केलंय ते असं. प्लेअरमध्ये ओरखड्याचीच घालायची. अडकली की आई उठतील, चहा होईल, आणि कप हातात आला की नऊ नंबरची श्री.समोर ठेवायची आणि सांगायचं. सगळ्यांदेखत. मग ती लावायची आणि ती चार मिनिटं सगळ्यांनी मिळून बघायची. डिस्क कोटाच्या त्याच खिशात आहे.

घातली आहे. अडकली तर सांगेन. न अडकता गेली तर आज कशाला, असंही मनात येऊन गेलं, ते नी.ला सांगितलेलं नाही.

सकाळपासून ऊन नाही, थंडी गेल्या जानेवारीसारखीच. बोटं आखडलीत, अक्षर बघा. नी.ने आतून हीटर आणून बरोबर प्लेअरच्या शेजारी ठेवला, वायर प्लगपर्यंत ओढली आणि माझ्याकडे न बघता आधणाचं भांडं काढायला गेली.

हीटरचं बटण अजून मी दाबलेलं नाही.