वीझलपुढे चालणारं माणूस

३ फेब्रुवारी १९७३
कॉफी गाळताना एकदम आठवलं — लग्नानंतरचा पहिला हिवाळा. केटिल आणि मी वीझल गाडीत बसलोय, थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीनं कॉफी पितोय. बोललो काहीच नाही. तो काचेवरचं दव बाहीनं पुसत होता. एवढंच. सव्वीस वर्षं झाली!

महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक ज्या गाड्या मागे ठेवून गेले, त्यातली ही एक. चाकं नाहीत, रुंद पट्ट्यांवर चालते. बर्फ असो की चिखल. दूध, टपाल, डॉक्टर, एकदा तर शवपेटी — सगळं तिनं तळ्यापलीकडे नेलं.

५ फेब्रुवारी
अचानक उबदार वारा. छपरावरून पाणी गळतंय. केटिल वीझलला वंगण घालून आला.
"कुठे निघालास?"
"कुठे नाही. म्हातारीला गंज नको चढायला."
त्याचा डावा डोळा गेल्या वर्षी गेला, उजवाही धूसर. हे फक्त मला नि डॉक्टरला ठाऊक — असं त्याला वाटतं.

६ फेब्रुवारी
पुन्हा गारठा. वर कोवळा बर्फ, खाली काय ते देव जाणे.

वीझल मुळात पाण्यावर तरंगायची. तिच्या पुढच्यामागच्या हवेच्या पेट्या बर्फात रुततात म्हणून केटिलनं कापून टाकल्या. आता मेंढ्या त्यांतून गवत खातात. तेव्हापासून तळ्यावर एक माणूस पुढे चालतो, लोखंडी टोकाच्या काठीनं बर्फ ठोकत. गाडी तीस पावलं मागे, दारं उघडी बांधलेली — बुडाली तर उडी मारता यावी. पुढे चालायचा तो शेजारच्या थोरबेराचा नवरा. गेल्या शरदात वारला. मी आपली नेहमी खिडकीतून बघणारी.

८ फेब्रुवारी, सकाळ
दोन लांब, एक आखूड — आमच्या फोनची घंटा. साऱ्या खोऱ्याला तार एकच. घंटा कुणाचीही वाजो, सगळे फोन उचलतात. तळ्यापलीकडून ब्रान्दुर बोलत होता. त्याच्या बायकोला, ओड्नीला सातवा महिना, आणि पहाटेपासून रक्त जातंय. डॉक्टर आमच्या बाजूला. रस्त्यावर कडा कोसळलाय, आणि या वाऱ्यात हेलिकॉप्टर येणार नाही.

"केटिल, डॉक्टरला घेऊन वीझल आणशील?"
"निघालोच."
लगेच थोरबेरा मधे: "आणि पुढे कोण चालणार? माझ्या म्हाताऱ्याचं भूत?"
"मी बघतो काय ते."
"तू बघणार? नाताळात माझ्या बहिणीला पाद्रीबुवा म्हणून हात जोडलेस."

कुणीतरी हसलं. तरणी माणसं मासेमारीच्या हंगामाला गेलीत. उरलेत ते गुडघ्यांनी नाही तर छातीनं अधू. ब्रान्दुर रडत होता, आवाज दाबून.

मी केटिलच्या हातातून फोन घेतला. "मी चालते पुढे."

थोरबेराचा आवाज खाली आला. असं कधी झालं नव्हतं. म्हणाली, "स्टाइनवोर, आमची काठी घेऊन जा. खिळ्यांचे बूटही. ठोकल्यावर ठणठण आली तर पाऊल टाक. धप्प आलं की मागे ये. आणि लाल काहीतरी पाठीला बांध, त्याला तेवढं तरी दिसेल."

केटिल माझ्याकडे वळला. "माझ्या डोळ्यांचं कधीपासून ठाऊक आहे यांना?"
"सगळ्यांना, केव्हाचंच," मी म्हटलं. "बूट घाल."

८ फेब्रुवारी, दहा वाजता
उन्नुर, माझ्या लेकी, ही वही तुझ्या हाती आली तर —
शिवणयंत्र तुला. सणाच्या पोशाखाचा चांदीचा पट्टाही तुलाच. जपमाळ रेक्याविकला मी शिकले त्या नन्सच्या शाळेत परत दे. सिस्टर क्लेमेंशियानं ती मला दिली असं सांगत आले, पण दिली नव्हती, मी गुपचूप घेतली होती. मेंढ्या थोरबेराला. बाबा एकटे परतले तर त्यांना तुझ्याकडे ने, नको म्हणाले तरी.

माळ्यावरचा पाळणा ओड्नीला. तो मात्र मी परत आले तरी तिलाच.