मालकाच्या रकान्यातलं नाव

कुरुळी
मंगळवार, ५ डिसेंबर २०२३

चि. अजिंक्य यास,

शालनआजीचा आशीर्वाद. अनेक आशीर्वाद लिहायची रीत हाय. आज एकच लिहिते, तोही हात आखडून.

तुझा फोन चार दिवस बंद. वर्षालीला खोदून विचारलं तवा म्हणाली, दादा मारुंजीला मित्राच्या खोलीवर हाय, पोलीस माग काढतील म्हणून फोन बंद ठेवलाय. बहीण हिंजवडीला कामाला जाती म्हणून तुझं टपाल तरी चालू हाय. मी चौथी शिकलेली, अक्षर लागंल तसं लाव.

तुझ्या शेडमधल्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली खंडूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. त्याची बायको विजयश्री दवाखान्याच्या जिन्यात बसून असती. मी डबा दिला, तिनं घेतला, पण मान वर केली न्हाई. केली असती तर मी काय सांगणार व्हते?

काल कारखान्यांची सुरक्षा तपासणारे साहेब शेडवर आले. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याबिगर ती खाली येत न्हाई, म्हंजे हात आत राहत न्हाई, हे त्यांनी मला समजावलं. मग एक बटण तारेनं कायमचं दाबून बांधलेलं दाखवलं. मी म्हटलं, मला वाटलं मोडलंय म्हणून बांधलंय. ते हसले न्हाईत.

मग त्यांनी विचारलं, शालनबाई कोण. परवान्यावर मालकाच्या रकान्यात माझं नाव हाय म्हणाले. अरे लबाडा! जमीन आजीची, वर बाईच्या नावावर सवलत मिळती, म्हणून तू सही घेतलीस आन् पेढा भरवलास. पेढा खवट व्हता हे मी तवाच म्हटलं व्हतं. आता नोटीस माझ्या नावावर. बहात्तर वर्सांची मालकीण, जिला प्रेस चालू करता येत न्हाई आन् बंद बी करता येत न्हाई.

शुक्रवारी जबाबाला बोलावलंय. मी तिथं काय बोलू ते कळव. तुझ्याबिगर मला विचारायला कुणी न्हाई.

जेवत जा. पळालेल्याला बी भूक लागती.

तुझी आजी,
शालन


मारुंजी
बुधवार, ६ डिसेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

चार दिवस झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं की पोलीस आले वाटतं.

तुला खरं सांगतो. शेडमध्ये चौदा माणसं होती, कागदावर आठ. खंडू त्या आठांत नव्हता. ईएसआयच्या विम्यात त्याचं नाव चढवलं असतं तर बाकीचे पाचही दाखवावे लागले असते. आज करू, उद्या करू म्हणत तीन वर्षं गेली. अपघाताची खबर आपणच द्यायची असते, तीही दिली नाही. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आत सोडलं आणि पळालो.

आता एकच वाट आहे. खंडू आपला कामगार नव्हता, ओळखीचा म्हणून शेडवर आला आणि न विचारता मशीनला हात घातला, एवढंच सांग. पोरं गप्प राहतील. आणि सकाळचा चहा देताना ज्या कॅलेंडरांवर तू सगळ्यांची हजेरी लिहितेस, ती तिन्ही जाळून टाक.

मी वाईट माणूस नाही गं. या पट्ट्यात माल भराभर निघावा म्हणून किती जण बटण बांधतात. ब्रॅकेटचा माल वेळेत गेला नाही तर कंपनी दुसऱ्याला काम देते. मी आत गेलो तर शेड बंद, मग तेरा घरांचं काय?

तुझ्या पाया पडतो, आजी.

तुझा,
अजिंक्य


कुरुळी
शनिवार, ९ डिसेंबर

चि. अजिंक्य यास,

आशीर्वाद मागं लिहिलाय, तोच पुरवून वापर.

चिठ्ठी वाचून मागची पाण्याची चूल पेटवली. खोटं न्हाई बोलत, एकवीस सालचं कॅलेंडर जाळलं. बावीसचं हातात घेतलं तर तारखेच्या हरेक चौकोनात माझाच 'ख'. बापाच्या दहाव्याला गेला ते आठ दिवस आन् सुट्ट्या तेवढ्या मोकळ्या. चहा माझ्या हातचा प्यायला, आन् मी सांगू ओळखीचा व्हता?

वर्षालीनं तिच्या ओळखीच्या वकिलीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मालकानं नाव चढवलं नसलं तरी माणूस कामाला व्हता हे सिद्ध झालं तर विमा त्याला जन्मभर पेन्शन देतो, मागनं मालकाकडून वसूल करतो. सिद्ध न्हाई झालं तर त्याला कोरडा हात. आन् पुरावा जाळणारा बी गुन्हेगार. म्हंजे माझ्या नावावर दोन गुन्हे झाले. तुझ्या आज्यानं जन्मात एक न्हाई केला.

काल उरलेली दोन कॅलेंडरं साहेबांच्या टेबलावर ठेवली. तिसरं जाळलं, तेही सांगितलं. साहेबांनी ते बी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, तार कुणी बांधली. मी म्हटलं, बांधणारा स्वतः येऊन सांगंल. त्यांनी जबाबातली ती ओळ कोरी ठेवली, सोमवारी अकरापर्यंत.

शेड जाईल. जमिनीवर बी बोजा चढंल. तेरा घरं मला बी दिसतात, रोज सकाळी दारात उभी असतात. पण खंडूचं चौदावं हाय, ते मोजायला तू इसरलास.

तू आला न्हाईस तर त्या ओळीत मी माझं नाव सांगीन. खोटं असंल. पण परवाना बी खोटाच व्हता, त्यावर सही केलीच की मी.

माया हाय. ती कागदावर दाखवत न्हाई, तू कामगार दाखवले न्हाईस तशी.

आजी


मारुंजी
रविवार, १० डिसेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

तू तुझं नाव सांगू नकोस. उद्या दहाला मी त्या ऑफिसच्या दारात असेन. घरी येत नाही. आलो तर तू वाढशील, मी जेवेन, आणि मग मला जाववणार नाही.

तार मी बांधली. खंडूनं ती दोनदा सोडली होती. दोन्ही वेळा मीच परत बांधली, आणि दुसऱ्यांदा त्याला म्हटलं, भीती वाटत असेल तर गावाला जा.

हे उद्या साहेबांपुढं बोलायचंय. तोंडातून निघेल की नाही कळत नव्हतं, म्हणून आधी तुला लिहून पाहिलं.

रागावलीस तरी तुझाच,
अजिंक्य