डाव्या नळीवरचा जोड

४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांनी माझ्यासाठी केलेली सायकलची फ्रेम ट्रान्सपोर्टने पाठवतोय. इथल्या उतारावर रस्ता ओला असला की जुने ब्रेक धरत नाहीत, म्हणून डिस्क ब्रेक बसवायचेत. मागच्या आसाजवळ, डाव्या नळीवर, ब्रेक अडकवायला लोखंडी कान जोडावा लागेल. तो जोड बाबांनीच द्यायचा. तू गॅसच्या बत्तीला हात लावू नकोस. लग्न मोडल्यावर बाबांच्या वर्कशॉपात बसायला जागा मिळाली म्हणून कोणी कारागीर होत नाही. रागावू नकोस, गंमत केली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फ्रेम पोचली. बाबांना आता अक्षर दिसत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते आणि टोचणारं तेवढं गाळते. त्यांचा हात इतका कापतो की कपातला चहा अर्धा बशीत येतो. हल्ली सगळे जोड मीच देते, ते खुर्चीत बसून मला रागावतात. आपण अजून मनात आणलं तर करू शकतो, असं त्यांना वाटतं. तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो रे. ही नळी फार पातळ आहे, जरा आच जास्त लागली की संपली. मला करू दे.

जपून राहा, माया असू दे.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

हात कापतो ही तुझी नवी पुडी. बाबांना सांग, तुमच्याशिवाय कुणाचा जोड मला चालणार नाही. आणि माझ्या पत्रांना कात्री लावणारी तू कोण? यापुढे शब्द न शब्द वाचायचा.

धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकून बाबांनी दाढी केली, एप्रन बांधला. इतके खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. बत्ती त्यांनीच धरली. मी हाताची घडी घालून उभी राहिले, तुझी आज्ञाच तशी होती. कान तिरका बसलाय, नळी जळलीय. त्यांना ते दिसलं नाही. छान झाला ना, असं विचारत होते. मी हो म्हटलं.

फ्रेम परत पाठवतेय, पण तिच्यावर सायकल चालवू नकोस, भिंतीला टांग. त्यांना दोन गोड ओळी लिही, एवढी माया कर.

तुझी ताई

८ मार्च

ती. बाबांस शि. सा. न.

जोड पाहिला आणि शिसारी आली. कान वाकडा, ब्रेकची चकती घासतेय, नळीला भोक. ताई लिहिते, हे तुम्ही केलंत. इतकं खोटं बोलायला जीभ कशी रेटते तिची? ज्या हातांनी ही घाण केलीय, त्यांनी पुन्हा बत्तीला शिवू नये.

आपला धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. शब्द न शब्द. मधे थांबावंसं वाटलं, पण तुझ्यावरचा राग त्याहून मोठा होता. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

मग एप्रन सोडून माझ्या हातात दिला. खुर्ची वर्कशॉपातून घरात न्यायला सांगितली. तुला कळवायला सांगितलंय की तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि ते ऐकलंय.

लोभाचं तुझं तू बघ.

ताई