मामांचा आंबा पडद्यावर

मुरबाड, रविवार, १ जून २००८

आज किन्हवलीचे मामा माझ्या कम्प्युटर क्लासमध्ये आले, चपला दाराबाहेर काढूनच. त्यांना उपग्रहाचा नकाशा दाखवला. मला दिसले नुसते तपकिरी तुकडे. मामांनी मात्र एका काळ्या डागावर बोट टेकवलं. "ह्यो माजा राब. मीच भाजलाय."

भातरोपांसाठी भाजलेली जमीन आकाशातूनही ओळखू येते?

मग बोट बांधावर सरकलं आणि थांबलं. गेल्या पावसात उन्मळून पडलेला आंबा तिथं उभा होता, सावलीसकट!

"मामा, फोटो जुना आहे."

"असंल. बंद नको करू रे. उद्या तुज्या मामीला आणतो."

बंद केलं तरी उद्या हाच फोटो दिसणार, हे मीच पोरांना शिकवतो. तरी ती सावली दिसत असताना बंद करायचं बटण दाबायला हात धजेना.