स्वखुशीने राजीनामा

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आज उमरग्याच्या मिनाज ऑफसेट अँड फ्लेक्समध्ये मला आठ वर्षं पूर्ण झाली. कॉम्प्युटरवर कंपोजिंगला लागलो होतो दोन महिन्यांसाठी, बी.ए. पहिल्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत. परीक्षा झाली. मी बसलो नव्हतो, कारण तेव्हा लग्नसराई होती.

पण आता निर्णय पक्का. शनिवारी रजा टाकून सोलापूरला जाऊन आलो. तिथं पुस्तकं छापणारी मोठी प्रेस आहे, त्यांना मुद्रितशोधक हवा आहे. पुस्तकं. पत्रिका नाही, फ्लेक्स नाही, ‘भावी सरपंच’ नाही. अमरसिंहानं ओळख काढली (माझा मित्र, तिथं बाइंडिंगला आहे). त्यांनी चाचणीला एक पान दिलं, त्यात तीस चुका पेरल्या होत्या. मी चौतीस काढल्या. साहेबांनी पान परत घेऊन पुन्हा मोजल्या. १ डिसेंबरला हजर व्हायचं. अट एकच : राजीनामा दिल्याचा कागद, त्यावर जुन्या मालकाची सही.

आज बरोबर दहा वाजता सांगणार. उभं राहून. दोन वाक्यांत.

दुपारी १.१५

सांगितलं नाही. दहा वाजता मालक चहा पीत होते. चहा पिणाऱ्या माणसाला धक्का देऊ नये. नंतर अणदूरचे दोन भाऊ लग्नाची पत्रिका छापायला घेऊन आले. निमंत्रकांची एकशे बारा नावं, आणि कोणतं नाव कोणाच्या वर, यावरून दोघं दुकानातच एकमेकांशी बोलायचे बंद झाले. अशा वातावरणात राजीनामा शोभत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी मी नव्हतो तर काय झालं ते आज कळलं. बब्रुवान काकांनी (मशिनवर असतात, सत्तावीस वर्षं) एक पत्रिका स्वतःच कंपोज करून छापली. ‘शुभविहाव’. पाचशे प्रती. गिऱ्हाईक घेऊनही गेलं. आज मुद्दाम फोन करून सांगत होतं की गणपतीचा रंग लई झकास आलाय.

यावरून माझ्या लक्षात आलं की मी एकदम गेलो तर प्रेस आठ दिवसांत बंद पडेल. हळूहळू गेलं पाहिजे. आज नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माणूस एकाच ठिकाणी इतकी वर्षं का राहतो, याचा शांतपणे अभ्यास करायचं ठरवलं, म्हणजे आपल्याला त्यातून सुटता येईल. सुरुवात काकांपासून. काकांना विचारलं, तुम्ही सत्तावीस वर्षं इथं का थांबलात? काका म्हणाले, कोण थांबलंय, म्या तर रोज संध्याकाळी घरी जातो की. मी म्हणालो, तसं नव्हे. त्यावर ते रोलर पुसत म्हणाले, हितला पंखा बरुबर माझ्या टाळक्यावर येतो वैजू, दुसरीकडं कुठं आसंल कुणाला ठाव.

नोंद : काकांची महत्त्वाकांक्षा कमी आहे. माझं तसं नाही. माझ्या टेबलावर पंखा नीट येतही नाही. (२०२१ साली टेबल दीड फूट सरकवून घेतलं होतं, तेव्हापासून थोडा येतो.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणारच होतो. मालक नमाजला निघायच्या आधी गाठलं. तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच मला खुर्चीवर बसवलं. आठ वर्षांत त्यांच्या खुर्चीवर पहिल्यांदा.

म्हणाले, बेटा, गुडघ्यानं जवाब दिला बघ. मिनाज म्हणती अब्बा आता गुलबर्ग्याला येऊन ऱ्हावा माझ्याकडं. मी म्हणालो, दुकान कोण बघंल? ती म्हणली, वैजनाथभाई हायत की. तर आता तू गल्ल्यावर बस, मॅनेजर हो. जबरदस्ती न्हाय. राजी असशील तर कागदावर लिहून दे, म्हणजे मलाबी पोरीला दाखवाया होतंय.

मी ‘विचार करतो’ म्हणालो. याचा अर्थ नाहीच असा होतो, हे कुणालाही कळेल. दादामियाँ मालक हुशार आहेत, त्यांना कळलं असेल. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. सास्तुरात घरीच. राजीनाम्याचा मसुदा केला. दीड पान झालं.

पुन्हा वाचलं. ‘इथे माझ्या गुणांना वाव नाही’ हे वाक्य खरं असलं तरी मालकांना लागेल. काढलं. ‘सोलापूर येथे अधिक चांगली संधी’ : म्हणजे इथली वाईट, असा अर्थ निघतो. काढलं. ‘नोकरी सोडत आहे’ : यातलं ‘सोडत’ फार कठोर वाटतं, बायको सोडल्यासारखं. काढलं. ‘आपला ऋणी’ ठेवणार होतो, पण मग ऋणी माणूस जातो कशाला, असा प्रश्न येतो.

आई शेंगा फोडत बघत होती. म्हणाली, दोन घंटे झाले, काय खरडायलास? सांगितलं. म्हणाली, तोंडानं सांग की रे, तोंड काय सोलापूरला ठिवून आलास? आईला लेखी व्यवहाराचं महत्त्व कळत नाही.

संध्याकाळपर्यंत एकच ओळ उरली : ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. कृपया स्वीकार व्हावा.’

अत्यंत समाधानकारक. एकही शब्द जास्त नाही. कुणालाही लागणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कालच देणार होतो, पण ‘स्वखुशीने’ की ‘स्वखुषीने’ हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही कोश पाहिले. शेवटी शहामृगातला श. चुकीच्या ष-नं राजीनामा दिला असता आणि तो सोलापूरच्या साहेबांच्या हातात गेला असता, तर? अंगावर काटा आला. उशीर झाला ते बरंच झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिला.

दुपारी ४.२० वाजता, उभं राहून. मालकांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. मग ‘मंजूर’ लिहिलं, सही केली, वर प्रेसचा शिक्का. उठून मला मिठी मारली (गुडघे दुखत असताना). काकांना पेढे आणायला पिटाळलं.

आठ वर्षांचा माणूस सोडून चालला आणि मालक पेढे वाटतो. हे मोठं मन. मी उगाच दहा दिवस घाबरत होतो. यश कशात आहे, तर भाषेत. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर भांडण झालं असतं.

काकांनी दोन पेढे घेतले आणि हसत हसत मशिनमागं गेले. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

कागद मालकांकडंच राहिला. म्हणाले, दोन दिवस ऱ्हाऊ दे, घरात दाखवतो. अमरसिंहाला फोन करून कळवलं : काम फत्ते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकांच्या पत्नी अजीजाचाचींनी माझ्यासाठी डबा पाठवला. निरोपाचा असावा. मालकांनी शटरची किल्ली माझ्या हातात दिली आणि कुलूप अडकलं तर डावीकडून कसं दाबायचं ते दाखवलं. लातूरचा कागदवाला आला, त्याला म्हणाले, आतापासून ह्यांच्याशी बोलायचं.

जाणाऱ्या माणसाची अशी ओळख करून देत नाहीत साधारणपणे. पण मालकांची पद्धत वेगळी असू शकते. मी कागदवाल्याशी नीट बोललो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गल्ल्यावर फ्लेक्सचा बोर्ड लावलेला दिसला. ‘व्यावस्थापक : श्री. वैजिनाथ’. त्याशेजारी माझा राजीनामा, लॅमिनेट करून, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून.

मी म्हणालो, मालक, हे काय? मालक म्हणाले, तुझाच कागद हाय बेटा, मोत्यासारखं अक्षर, भिंतीला शोभा आली. मी म्हणालो, पण हा राजीनामा आहे. ते म्हणाले, व्हय की, म्या कुठं न्हाय म्हणतो? माझी शाळा उर्दूत झाली. आमच्या उर्दूत राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. तू तर वर स्वखुशीनं लिवलास. मी एवढी अपेक्षाबी केली नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत कोश उघडला. मूळ फारसी. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. संमतिपत्र. पहिला अर्थ तोच दिलाय.

म्हणजे शब्दाच्या दृष्टीनं मालक बरोबर आहेत. चूक माझ्या वापरात आहे. अशा वेळी वाद कोणत्या तोंडानं घालायचा?

उद्या खुलासा करणार. ‘व्यावस्थापक’ मात्र आजच दुरुस्त करून घेतला. ‘वैजिनाथ’सुद्धा. मी इथून जाणार आहे ही गोष्ट वेगळी, पण तोपर्यंत गल्ल्यावर अशुद्ध लिहिलेलं राहू देणं मला जमणार नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना सगळं सांगितलं, मालकांचा गैरसमज झालाय म्हणून. काका म्हणाले, दादामियाँ तीस वर्सं रोज मराठी पेपर वाचतंय. मंत्र्यानं राजीनामा दिला की मोठ्यानं वाचून दावतंय आपल्याला. तवा मंत्री राजी झाला म्हणतंय व्हय? मग म्हणाले, माझा राजीनामा तेनं दोन हजार आठ साली घेतला. मंजूर केला, पेढे आणले, आन् दुसऱ्या दिशी नवी मशिन आणून माझ्याम्होरं ठिवली. म्हणलं, तुझ्याशिवाय हिला कोण चालवील.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? काका म्हणाले, चालवली.

काकांचा स्वभाव संशयी आहे. मालकांसारख्या साध्या माणसाबद्दल असं बोलवतं कसं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खुलासा करायला गेलो. म्हणालो, मालक, त्या राजीनाम्याबद्दल थोडं बोलायचं होतं. ते म्हणाले, बोल की बेटा, दिल खोलून बोल. हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं. चष्मा काढला. माझ्या तोंडाकडं बघत बसले.

मी म्हणालो, त्याच्यावर तारीख घालायची राहिलीय.

मग लॅमिनेशनवर मार्करनं तारीख घातली. २० नोव्हेंबर. निदान कागद आता पूर्ण झाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

एक अफलातून गोष्ट सुचली. मालकांचा अर्थ काहीही असो, सोलापूरच्या अर्थानं तो राजीनामाच आहे. सही खरी, शिक्का खरा, ‘मंजूर’ खरं. खुलाशाची गरजच नाही. कागद घ्यायचा आणि जायचं.

खिळे काढायला गेलो तर एक गिऱ्हाईक भिंतीवर तेच वाचत उभं. मला म्हणालं, राजीनामा दिलाव व्हय? कवा चाललाव? मी उत्तर देणार, एवढ्यात मालक आतून म्हणाले, कुठं जातोय, राजी हाय तो. गिऱ्हाईक म्हणालं, मग बरं हाय, ह्या पत्रिकेतल्या नवरीचं नाव जरा तुम्हीच तपासा.

तपासलं. चूक होती.

नंतर मोबाइलवर फोटो काढला. ट्यूबलाइटची चकाकी नेमकी सहीवर येते. चार बाजूंनी काढून पाहिला. खुर्चीवर चढूनही. शेवटी ठरवलं : सोमवारी सोलापूरला जाऊन तोंडी समजावून सांगू.

३० नोव्हेंबर, रविवार

बॅग भरली. दोन शर्ट, दोन कोश. आई म्हणाली, मालकाला सांगितलास का? मी म्हणालो, लेखी दिलंय. तिनं शेंगांचा डबा बॅगेत घातला, मग काढला, मग पुन्हा घातला.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८.०५, उमरगा स्टँड

सोलापूर गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली. खिशात हात घातला तर शटरची किल्ली.

किल्ली घेऊन सोलापूरला जाणं ही चोरी नव्हे, पण तसंच काहीतरी. शिवाय आज अणदूरच्या पत्रिका द्यायच्या आहेत. पाच मिनिटांत देऊन येतो. कंडक्टरला विचारलं, थांबाल का? तो म्हणाला, गाडी तुमच्या घरची हाय का?

सकाळी ११.००, प्रेस

दुकानासमोर मालक पायरीवर बसले होते. गुडघे धरून. शेजारी अणदूरचे दोन्ही भाऊ, एकमेकांकडं पाठ करून. मालकांनी मला पाहिलं, माझ्या बॅगेकडं पाहिलं. फक्त सरकून वाट दिली. शटर उघडलं. कुलूप अडकलं होतं, डावीकडून दाबलं.

बॅग टेबलाखाली ठेवली आहे. अमरसिंहाचा फोन आला. बराच बोलला, बहुतेक शिव्याच. त्याचा सारांश : साहेब बुधवारपर्यंत वाट बघतील.

बुधवार तसा जास्त सोयीचाच आहे. सोमवारी गाड्यांना गर्दी असते.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी पहिल्याच गाडीनं निघणार होतो. पण मालक उद्या गुलबर्ग्याला जाणार, तर म्हणाले, मी जायच्या आधी एक काम आटपून दे. मी गल्ल्यावर बसणार म्हटल्यावर कॉम्प्युटरवर नवा माणूस लागणार, त्याची जाहिरात लिहून द्यायची. तुझ्या आधीचा तीन दिवसांत पळाला होता, म्हणाले. जरा असं लिही, की टिकणारा पाहिजे.

हे काम मी केल्याशिवाय कोण करणार? साडेअकरापर्यंत तीन मसुदे झाले. मध्ये अमरसिंहाचा फोन दोनदा वाजला, पण हातात प्रूफ होतं. नंतर मेसेज आला : ‘जागा भरलि. बस आता तिथच’. एका ओळीत दोन चुका. असल्या माणसाला प्रेसमध्ये घेतातच कसे, कळत नाही.

जाहिरात अशी झाली : ‘पाहिजे : कॉम्प्युटर ऑपरेटर. मराठी शुद्ध हवे. दीर्घकाळ टिकणाऱ्यास प्राधान्य.’

मालकांनी वाचून विचारलं, ‘दीर्घ’मधला ‘दी’ असा लिवतात व्हय? मी ऱ्हस्व लिवला असता. तुला बरं बघता बघता कळतंय, बेटा.

म्हणालो, सवय झालीय.