दोन इंच सैल पँट

फ्रिस्को, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

पार्किंग लॉटमध्ये एका माणसानं मला चाकू दाखवला, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. शस्त्र लपवून बाळगायचं लायसन्स काढलं, पिस्तूल घेतलं. पण खरा व्याप कपड्यांचाच निघाला. पट्टा जाड आणि ताठ हवा, नाहीतर वजनानं पँट ओघळते. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, पँटच्या आत बसतं, म्हणून पँट कमरेला दोन इंच मोठी घेतली. वर सैल शर्ट.

आज नेनेकाकांकडे निघताना आरशासमोर उभा राहिलो. काहीच दिसत नव्हतं. खूश!

बायको, मेधा, म्हणाली, "जरा वाकून दाखव."

वाकलो, तर शर्ट वर सरकून मागे पिस्तुलाची मूठ उघडी. लायसन्सच्या क्लासमध्ये शिकवलं होतं, कमरेत वाकू नका, गुडघ्यात बसा. पण काकांच्या पाया असं कसं पडणार? शिवाय आशीर्वाद देताना ते पाठीवरून हात फिरवतात, पार कमरेपर्यंत.

शेवटी पिस्तूल, होल्स्टर दोन्ही तिजोरीत ठेवून गेलो. पँट तीच, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला.

काकांचा हात पट्ट्याशी थांबला. "पँट केवढी सैल झालीय रे! बरा आहेस ना?"

"हो काका."

चाकूचं, त्या भीतीचं त्यांना सांगितलेलंच नाही. आरशाला दिसलं नाही ते त्यांच्या हाताला कसं कळलं?